सोयाबीन दरवर्षी रानातच फुटतंय? बियाण्याला शिव्या देण्याआधी तीन वेळा दाणे मोजा

नवरात्राच्या दिवसांत आमच्या कोल्हापूरकडच्या कागल भागात दुपारी दोन-अडीचला बांधावर उभं राहिलं की रानातून आवाज येतो. टक्... टक्... मग एकदम दोन-चार टक्. ऊन कललं की बंद. ज्याच्या रानातून तो आवाज येतो त्याच्या पोटात गोळा येतो, कारण एकेका टक्-सरशी एक वाळली शेंग फुटून दोन-तीन दाणे मातीत गेलेले असतात.

आणि मग दरवर्षी तोच प्रश्न. "चार दिवस उशीर झाला, सोयाबीन सगळं फुटून खाली पडलं, पुढच्या वर्षी वाण बदलू का?" मी दूधगंगेच्या पट्ट्यात माळाकडच्या बाजूला दोन एकर सोयाबीन करतो, शिवाय थोडं आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसात आंतरपीक. तीन हंगाम असे चांगलेच पोळलो. तिन्ही वेळा दोष बियाण्याला दिला. तिसऱ्या वर्षी मात्र चुलतभावाच्या सांगण्यावरून रानात बसून दाणे मोजले, आणि कळलं की माझं नुकसान मला वाटत होतं तिथं होतच नव्हतं.

मोजायचं कसं

लोखंडी सळईची किंवा चिवाट्यांची (बारीक बांबूंची) एक फूट बाय एक फूट चौकट करा. रानात आडवंतिडवं फिरत दहा ठिकाणी ती टाका आणि आत पडलेले दाणे मोजा. दहाची सरासरी काढा. शंभर दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम धरलं, तर चौरस फुटाला एक दाणा म्हणजे एकराला पाच किलोच्या थोडं वर. वीस दाणे पडले असतील तर एकरी क्विंटलभर माल मातीत गेला. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. हिशेब तुमचा तुम्ही करा.

खरी गंमत पुढं आहे. ही मोजणी एकदा करून उपयोग नाही, तीनदा करायची. पहिली पीक उभं असताना, कापणीच्या आदल्या संध्याकाळी. दुसरी कापल्यावर, पेंढ्या पडलेल्या असताना त्या थोड्या बाजूला सारून. तिसरी माल उचलून मळणीच्या जागी नेल्यावर, मोकळ्या रानात.

माझे त्या वर्षीचे आकडे होते ३, ९ आणि १७. म्हणजे उभ्या पिकातून गेले एकरी पंधरा किलो, कापताना तीस, आणि नुसतं गोळा करून वाहताना चाळीस! मी वाण बदलायला निघालो होतो आणि दाणे सांडत होते माझ्याच हातातून, माझ्याच ट्रॉलीत चढवताना.

तुमचे आकडे वेगळे येतील. पहिलाच आकडा मोठा आला तर काढणीला उशीर, वाण किंवा रोग यांच्याकडे बघा. दुसरा उडी मारत असेल तर कापणीची वेळ आणि पद्धत चुकतेय. तिसरा मोठा असेल तर पेंढ्या किती दिवस पडून होत्या आणि कोणत्या वेळेला उचलल्या, हे आठवा.

फुटलेली शेंग हातात घेऊन बघा

मोजता मोजता झाडावर राहिलेली रिकामी शेंग तोडून बघा. टरफलाचे दोन्ही भाग स्प्रिंगसारखे पिळलेले असतील आणि खाली पडलेला दाणा स्वच्छ, टणक असेल, तर ती वाळून फुटलेली शेंग आहे. हे लेखन त्याच दुखण्याचं आहे.

पण अख्खीच्या अख्खी शेंग देठासकट खाली पडलेली दिसली तर ती गळ आहे, फुटणं नाही. तिथं रोग-कीड नाहीतर शेंगा भरताना बसलेला पाण्याचा ताण शोधायचा. शेंगेवर काळे ठिपके, बारीक काटेरी बुरशी असेल तर करपा. अशी शेंग लवकर तडकते आणि आतला दाणाही सुरकुतलेला निघतो. टरफलाला भोक असेल तर अळी. टरफल कुरतडलेलं आणि बांधाजवळ बिळं असतील तर ते काम कुणाचं हे सांगायला नको.

आता वाळून फुटण्याचं कारण. शेंगेच्या टरफलात आतल्या बाजूला लाकडासारख्या चिवट तंतूंचा थर असतो. टरफल वाळू लागलं की हा थर आणि बाहेरची साल वेगवेगळ्या दिशेनं आकसतात, आणि टरफलाला पीळ चढतो. दोन्ही भाग जोडणारी शिवण जोवर तो पीळ पेलते तोवर शेंग बंद राहते. हवा कोरडी झाली की पीळ वाढतो, दमट झाली की ढिला पडतो. परतीच्या पावसात एक सर येऊन जाते, दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन भाजतं, परत सर. हे भिजणं-वाळणं तीन-चारदा झालं की शिवण दमते. नुसत्या उन्हात आठ दिवस टिकलेलं पीक पाऊस-उन्हाच्या पाठशिवणीत चार दिवसांत फुटतं ते यामुळं.

वाणावाणांत फरक असतोच. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये पीडीएच-१ नावाचं जनुक दाखवून दिलं. ते ज्या वाणांत निकामी असतं त्यांच्या टरफलाला वाळल्यावर पीळ कमी बसतो. तेव्हा वाण बघायचा नाही असं माझं म्हणणं नाही, पण ते सगळ्यात शेवटी.

कापायची तारीख कोण ठरवतं?

खरं सांगायचं तर आमच्याकडं ती मळणी मशीनवाला ठरवतो. "गुरुवारी येतो" म्हणाला की आपण बुधवारी कापतो. तो रविवारी येतो. मधल्या तीन दिवसांत पेंढ्या रानात तापतात आणि तिसरा आकडा वाढतो. माझे ते चाळीस किलो असेच गेले.

दुसरी चूक म्हणजे पेरणीपासून दिवस मोजून कापणी करणं. १५ जूनला पेरलेलं ९५ दिवसांचं जेएस-३३५ वाणाचं सोयाबीन कागदावर १८ सप्टेंबरला तयार होतं. फुले संगम म्हणजे केडीएस-७२६ या वाणाला साडेतीन महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे थेट हस्ताच्या पावसात. पण त्याच तारखेला पेरलेलं माळाचं हलकं रान आणि नदीकाठचं मळीचं रान यांच्या पक्वतेत सहज आठवड्याचा फरक पडतो. माझ्याच पट्टीत बांधाकडच्या चार ओळी आणि मधलं खोलगट यांत पाच दिवसांचं अंतर असतं.

तेव्हा दिवस फक्त अंदाजाला, निकाल शेंगेचा. मुख्य खोडावर एखादी शेंग पूर्ण पिकल्या रंगाची दिसली की दाण्यात आता नवीन भर पडायची नाही, पुढं फक्त पाणी कमी होणार. तिथून साधारण नऊ-दहा दिवसांत शंभरातल्या पंच्याण्णव शेंगा रंग बदलतात. कापणीच्या मजुरांच्या टोळीला आणि मशीनवाल्याला फोन करायचा तो ही पहिली तपकिरी शेंग दिसल्या दिवशी. मी पूर्वी पानं झडली की फोन करायचो. तोवर सगळ्या गावानं केलेला असायचा.

पंच्याण्णव टक्के शेंगा पिकल्यावर दाण्याचा ओलावा कापणीजोगा व्हायला हवेप्रमाणे पाच-दहा दिवस लागतात. हातानं कापून रानात वाळवणार असाल तर १५ ते १७ टक्क्यांवर कापलेलं बरं, हार्वेस्टर फिरवणार असाल तर १३ ते १५. त्याच्याखाली उभं ठेवाल तितका तो 'टक्' तुमचा.

ओलाव्याचं यंत्र नसेल तर दात आहेत. पाच-सहा ठिकाणचे दाणे घ्या. दाढेखाली दाबल्यावर दाणा चपटा होऊन दाताचा ठसा उमटला तर अजून ओला. 'कट्' करून दोन डाळी सुटल्या तर कापायला या. आणखी खात्री हवी असेल तर काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर तव्यावर भाजून गार केलेलं मीठ घाला, झाकण लावून दहा मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. ही युक्ती मी आधी मक्याला वापरायचो, सोयाबीनलाही चालते.

आणि रान एकाच दिवशी कापलं पाहिजे असा कुठं नियम आहे? बांधाकडच्या, वाऱ्याच्या तोंडावरच्या ओळी आधी घ्या. मधलं खोलगट तीन दिवसांनी. टोळीला दोनदा बोलवायचं म्हणजे कटकट, मान्य. माझ्याकडं बांधाकडच्या चार ओळी आम्ही घरचेच कापतो.

दुपारी हात लावू नका

आमच्याकडं कापायला येणाऱ्या टोळीत एक मावशी आहेत. वय साठीच्या पुढं, पण पात (कापायची ओळ) धरली की तरण्या पोरींना मागं टाकतात. मोजणीच्या वर्षी मी साडेबाराला त्यांना म्हटलं, "मावशी, एवढी एक पात उरकून जेवायला बसा की." त्या विळा खांद्याला अडकवून सरळ बांधाकडं निघाल्या.

"ऱ्हाऊ दे बाबा. आता हात लावला तर कापणी न्हाई, पेरणी हुईल."

मी खुळ्यासारखा स्वतः कापायला बसलो. मूठ धरून विळा ओढला तसा हातातल्या झुबक्यातून तडतड दाणे उडाले, एक गालावर बसला. चार मुठींत बोध झाला.

सकाळी दहिवर असतं, टरफल मऊ असतं, पीळ ढिला असतो. त्याच झाडाला सातला कापा आणि एकला कापा, खाली पडलेल्या दाण्यांत फरक डोळ्यांनी दिसतो. माझ्या दोन एकरांत पुढच्या वर्षी फक्त वेळ बदलली, वाण तोच ठेवला, आणि कापताना सांडणारे दाणे निम्म्याच्याही खाली आले.

अडचण अशी की टोळीतल्या बायका घरचं उरकून, पोरांचे डबे भरून दहाला रानात येतात. त्यांना सातला या म्हणणं सोपं नाही. मी टेंपो लवकर पाठवतो, आठला चहा-नाश्ता रानात देतो, आणि साडेअकराला सुट्टी, मजुरी पूर्ण दिवसाची. शेजारच्यांनी मला वेड्यात काढलं. पण एकरी तीस किलोचे पैसे आणि नाश्त्याचे पैसे यांची तुलना त्यांनी कधी केलेली नाही. उक्तं (सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून) दिलं असेल तर मात्र टोळी तुमचं ऐकणार नाही. तिला दिवसाकाठी जास्त गुंठे उरकायचे असतात. पैरा (आळीपाळीनं एकमेकांच्या रानात काम) असेल तर उत्तम, कारण पैऱ्यातला माणूस उद्या स्वतःच्या रानाचाही विचार करतो.

उपटू नका, कापा. उपटताना झाडाला हिसका बसतो, शेंगा फुटतात, मुळांबरोबर आलेली माती मळणीत दाण्यात मिसळते, आणि नत्राच्या गाठी असलेली मुळं रानाबाहेर जातात. विळ्याला धार हवी. बोथट विळा म्हणजे उपटणंच.

पेंढ्या उचलायची वेळही हीच, सकाळची. दुपारी उचलायच्याच असतील तर ताडपत्री पेंढीपाशी न्या, पेंढी ताडपत्रीपाशी नको. ट्रॉलीच्या तळाला आणि बाजूंना जुनी ताडपत्री अंथरा. ट्रॉलीच्या फटींतून रस्त्यावर सांडलेलं सोयाबीन चिमण्यांच्या नशिबाचं, असं म्हणायला ठीक आहे.

पाऊस येणार म्हणतात, कापू की नको?

याला एक उत्तर नाही. २०१९ मध्ये आधी ऑगस्टचा महापूर आणि मग ऑक्टोबरचा लांबलेला पाऊस, दोन्ही पाहिले. तेव्हा उभ्या पिकात शेंगेतच कोंब आले, आणि ज्यांनी घाईनं कापून रानात टाकलं त्यांच्या पेंढ्या काळ्या पडल्या. माझं मत असं: उभं झाड भिजलं तर वाऱ्यानं दोन दिवसांत वाळतं, कापून जमिनीवर पडलेली पेंढी भिजली तर खालून वाळतच नाही. म्हणून पावसाच्या अंदाजावर तेवढंच कापा जेवढं त्याच संध्याकाळी गोळा करून ताडपत्रीखाली जाईल. ताडपत्री दहा गुंठ्यांपुरती असेल तर दहाच गुंठे.

गोळा केलेल्याची गंजी लावताना बुडखे बाहेर, शेंगा आत, आणि खाली लाकडं किंवा पाचटाचा थर. ओला माल उंच रचू नका. दुसऱ्या दिवशी हात घालून बघा, आत गरम लागलं तर लगेच फोडून पसरा. गरम झालेलं सोयाबीन बाजारात कसंतरी खपेल, पण बियाण्याला संपलं.

भिजलेल्या पेंढ्या उलथायच्या असतील तर सकाळीच. भिजून वाळलेली शेंग दुपारी हलवली तर ती फुटायला निमित्तच शोधत असते.

पीक एकसारखं वाळावं म्हणून काढणीआधी पॅराक्वाटची फवारणी सुचवणारेही भेटतात. मी मारत नाही. त्या विषावर उतारा औषध नाही, आणि दोन-चार दिवस वाचवायला पाठीवर तसला पंप घेण्याची माझी तयारी नाही.

पहिलाच आकडा मोठा आला असेल तर

उशीर नाही, रोग नाही, तरी उभ्या पिकातच फुटतंय? मग आधी बघा की रानात एकच वाण आहे का. घरचं बी तीन-चार वर्षं फिरवलं की मळणीत सरमिसळ होते. काही झाडं दहा दिवस आधी पिकतात, बाकीच्यांची वाट बघत उभी राहतात आणि फुटतात. फुलाच्या रंगावरून, शेंगेवरच्या लवेवरून वेगळी झाडं ओळखू येतात. ती आधीच उपटायची. नांगी भरताना, म्हणजे न उगवलेल्या जागी, दहा-बारा दिवसांनी टोबलेलं बीसुद्धा असाच घोळ घालतं, कारण ती झाडं हिरवी राहतात आणि आपण त्यांच्यासाठी थांबतो. थांबू नका. दहा टक्के हिरव्यासाठी नव्वद टक्के पिकलेलं घालवणं हा कुठला हिशेब? चक्रीभुंगा आणि खोडमाशी लागलेली झाडंही अवेळी वाळतात. खोड चिरून बघितलं की समजतं. आणि तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोग तर आपल्या कृष्णा-पंचगंगा पट्ट्यात पाचवीला पुजलेला. तो आला की पानं आधीच झडतात, पीक पिकल्यासारखं दिसतं आणि दाणा बारीक राहतो. तिथं पानांवरून कापणी ठरवली तर फसलात.

एवढं बघूनही संशय वाणावरच राहिला तर घरी चाचणी करा. दोन वाणांच्या पिकलेल्या, न फुटलेल्या पन्नास-पन्नास शेंगा एकाच सकाळी तोडा. देठ राहू द्या. वेगवेगळ्या सुपांत पातळ फडक्याखाली पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवा, फडकं नसलं तर दाणे शेजाऱ्याच्या अंगणात जातील. रोज संध्याकाळी फुटलेल्या मोजा. चार-पाच दिवसांत फरक समोर येतो. पैदासकार हीच गोष्ट भट्टीत करतात. जेएस ९३-०५ आणि परभणीचा एमएयूएस-१५८ हे वाण शेंगा कमी फुटण्यासाठी ओळखले जातात. पण तांबेऱ्याच्या पट्ट्यात वाण निवडताना तो एकच गुण बघून चालत नाही. फुले संगम इथं पसरला तो तांबेऱ्यापुढं बऱ्यापैकी टिकतो म्हणून.

मळणीबद्दल दोनच ओळी. बियाण्याला ठेवायचा माल असेल तर ओलावा १३-१४ टक्क्यांवर येऊ द्या आणि ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० च्या वर जाऊ देऊ नका. मशीनवाला घाईत असतो, तो पट्टा बदलायला कुरकुर करेल, तरी उभं राहून बदलून घ्या. साल फुटलेला दाणा डोळ्याला दिसत नाही, जूनमध्ये उगवण बघायला गोणपाटावर शंभर दाणे टाकल्यावर दिसतो.

राहिलं उसातलं सोयाबीन, आणि तिथं मी अजून हरलेलाच आहे. उसाच्या आडोशाला दमटपणा असतो म्हणून शेंगा उभ्या फुटत नाहीत, पहिला आकडा एक-दोनच येतो. पण कापल्यावर सरीतून ताडपत्री नेता येत नाही, उसाची पात अंगाला कापते, आणि डोक्यावरून भारा काढताना प्रत्येक पावलाला पानं शेंगांना झोडपतात. गेल्या वर्षी तिसरा आकडा २२ होता. यंदा आईच्या जुन्या नऊवारी काढून ठेवल्यात. भारा सरीतच साडीत गुंडाळायचा, गाठ मारायची, आणि मग बाहेर काढायचा. जमलं का ते दसऱ्यानंतर चौकट टाकल्यावर कळेल.